खड्याला लागलेली हळद

पोरीच्या अंगाला हळद लागली की माणसं गाणी म्हणतात. माझ्या खड्याला हळद लागली आणि आमचे बारा वाजले. हे मी हसत सांगते आहे असं कुणाला वाटत असेल तर त्यानं समोर येऊन माझं तोंड बघावं. मला राग आलाय. दसरा गेला, दिवाळी तोंडावर आली, तरी राग उतरत नाही. तो उतरावा असं मला वाटतही नाही.

मी स्वप्नाली. आटपाडीच्या पलीकडच्या वस्तीवरची, धनगराची पोर. आज्यानं जन्मभर मेंढरं राखली, बापानं मेंढरं राखत डाळिंबं लावली, आणि मी भौतिकशास्त्रात डॉक्टर झाले. ‘डॉक्टर’ ऐकून पहिले काही महिने लोक लंगडी शेळी घेऊन दारात यायचे, ते सोडा. पुढं शिरवळच्या एका कारखान्यात दुसऱ्यांची भिंगं पॉलिश करायची नोकरी केली. पगार बरा होता. पण दुसऱ्याचा आरसा पुसता पुसता स्वतःचं तोंड किती दिवस बघायचं? मला खडे करायचे होते, लेसरचे. माझे.

आर्जव माझा बारावीपर्यंतचा कॉलेजातला मित्र, पुढं इंजिनिअर झालेला. सांगलीचा, जैनांच्यातला. त्याचे वडील शांतिनाथ अण्णा हळदीचे व्यापारी, मार्केट यार्डाजवळ त्यांचं गोदाम. त्या गोदामाच्या मागची एक खोली अण्णांनी आम्हाला दिली, आणि आम्ही दोघांनी तिथं आमची लॅब थाटली. खडा मी करायचा, त्याच्यातून लेसर त्यानं काढायचा, अशी वाटणी पहिल्या दिवसापासून होती.

आर्जव हे नाव मला लय आवडायचं. त्यांच्या धर्मात दहा धर्म सांगितलेत, त्यातला एक ‘उत्तम आर्जव’. म्हणजे सरळपणा. मनात तेच तोंडात, तोंडात तेच हातात. आमच्या रोजच्या बोलण्यात मात्र आर्जव म्हणजे विनवण्या, हातापाया पडणं. मी त्याला चिडवायची, ‘तू नक्की कुठला रं, पोथीतला का बाजारातला?’ तो हसायचा. मीही हसायची. हसले ते चुकलंच.

आता खड्याचं. झिंक सेलेनाइड म्हणून एक पदार्थ असतो. फिकट पिवळा, खडीसाखरेसारखा आरपार. नुसता काही कामाचा नाही. त्यात क्रोमियम अगदी इवलंसं मुरवायचं. काचेच्या नळीत खडा घालायचा, नळीतली हवा काढून तोंड बंद करायचं आणि भट्टीत दिवसेंदिवस तापवत ठेवायचं. क्रोमियम हळूहळू आत शिरतं आणि खडा मधाच्या रंगाचा होतो. असा खडा नीट जमला की त्यातून लेसर निघतो, तोही एका रंगाचा नाही. डोळ्याला न दिसणारा, तांबड्याच्याही पलीकडचा उजेड, त्यातल्या मोठ्या पट्ट्यातला हवा तो रंग निवडायचा. जुन्या रेडिओचं बटण फिरवून स्टेशन लावतात ना, तसा स्क्रू फिरवायचा आणि रंग लावायचा. प्रत्येक पदार्थ यातला आपापला रंग गिळतो. हळद वेगळा गिळते, पीठ वेगळा. त्यामुळं हळदीत कुणी पीठ मिसळलं असेल तर हा उजेड ते लगेच दाखवतो. अण्णांनी खोली दिली ती याच्यासाठी. अण्णा हळद चोख विकतात आणि पीठवाल्यांमुळं त्यांचा जीव जळतो.

या मुरवण्याला इंग्रजीत डोपिंग म्हणतात. मराठीत काय म्हणायचं? सुरुवातीला मी अण्णांना म्हणाले, ‘अण्णा, आम्ही खड्यात थोडी भेसळ करतो.’ हळदीचा चोख व्यापारी तो, ताडकन उठून उभा राहिला. ‘माझ्या गोदामात भेसळ? आत्ताच्या आत्ता सामान उचल!’ त्यांना समजावताना माझ्या तोंडाला फेस आला. शेवटी शब्द दिला माझ्या आईनं. वस्तीवर मी तिला सगळं सांगत होते, ती चूल फुंकत म्हणाली, ‘आगं, मग त्ये विरजानच की. भांडंभर दुधात बोटभर ताक घालायचं आन् ऊबंला ठेवायचं. लय घातलं तर आंबतंय, कमी घातलं तर लागत न्हाई.’ तेव्हापासून आमच्या लॅबमध्ये डोपिंगला विरजण म्हणतात. खडा विरजला का? अजून विरजतोय. अण्णाही तेच म्हणतात. हा शब्द माझ्या आईचा आहे, बनाबाईचा, हे लक्षात ठेवा.

कितीतरी खडे आंबले. कडेला गडद, मधे फिक्के. काही तडकले. अण्णांची बाहेर हळदीची पोती वाढत चालली होती आणि खोली हवी होती, पण ते मुदत देत राहिले. शेवटी म्हणाले, ‘पोरी, दसऱ्यापर्यंत बघतो. तोवर कुणी तुमचा खडा घेतला तर खोली तुमची. नाहीतर पोती आत येतील.’ सरळ माणूस, सरळ बोलला. मला वाईट वाटलं नाही. आणि भाद्रपदात एक खडा जमला. या कडेपासून त्या कडेपर्यंत एकसारखा मधाळ. मी तो उजेडाला धरून इतका वेळ बघत बसले की आर्जव म्हणाला, ‘आता नजर लावशील.’

पुण्याची एक कंपनी धान्य-मसाले तपासायची यंत्रं बनवते. तिथले ऋषिराज सर खडा बघायला यायचे ठरलं, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. अण्णांनी तेवढा एक दिवस वाढवून दिला. खडा चालला तर आमचे खडे त्यांच्या यंत्रात जाणार. नाही चालला तर मी परत शिरवळला, दुसऱ्यांची भिंगं पुसायला. पणाला काय लागलं होतं ते असं सरळ होतं.

आई दसऱ्यासाठी आटपाडीहून आली. ‘लेकीचा खडा बघाया’ आली. खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारं पूजतात. अण्णांच्या घरीही वजनकाट्याची पूजा असते. आर्जवच्या आई पद्मावती अक्का आणि माझी आई, दोघींची पहिल्या भेटीपासून गट्टी. दोघी ताट घेऊन लॅबमध्ये आल्या आणि भट्टीला, मीटरला, हवा काढायच्या पंपालासुद्धा हळदकुंकू लावलं. भट्टीला झेंडूची माळ घातली. मी म्हटलं, लावा, भट्टीच्या पत्र्याला काय होतंय? खडा त्याच्या डबीत होता. ती डबी मी आईसमोर धरली.

‘आये, ह्याचं झाकण उघडायचं नाही. आतल्या खड्याला बोट लागलं तरी तो वाया जातो.’

‘आगं व्हय की! किती येळा सांगशील? मी काय तान्ही हाय?’

आणि तिनं हळदकुंकवाचं बोट लावलं. झाकणाला. बाहेरून. माझ्या डोळ्यांदेखत. मग मी एसटी पकडून शिरवळला गेले, कारण लेसरला लागणारा एक आरसा जुन्या कारखान्यातून आणायचा होता. निघताना डबी झाकलेली होती.

दसऱ्याला मी आरसा घेऊन परत आले, तोवर आर्जवनं खडा बसवला होता. मी विचारलं, ‘भिंगाखाली तपासलास?’

‘तपासला गं. चकाचक आहे.’

दुसऱ्या दिवशी ऋषिराज सर आले. गोरेगोमटे, मोजकं बोलणारे. अण्णा पांढरी टोपी घालून दारात उभे. आई बाहेर पत्र्याच्या शेडखाली पोत्यावर बसलेली, आत गर्दी नको म्हणून तीच म्हणाली होती. आर्जवनं पंपाचा लेसर चालू केला. हा दुसरा लेसर खड्याला आपला उजेड पाजतो, तेव्हा खडा स्वतःचा सोडतो. मीटरचा आकडा हलला. आला! मी स्क्रू फिरवायला सुरुवात केली, रंग सरकायला लागला, आकडा टिकून. ऋषिराज सर पुढं झुकले. अण्णांनी एका काचपट्टीवर आपली हळद आणि दुसरीवर पीठ मिसळलेली हळद स्वतः तयार करून ठेवली होती. त्या पट्ट्या आता उजेडात धरायच्या, एवढंच राहिलं होतं. आर्जव म्हणाला, ‘अजून थोडी ताकद वाढवतो.’

टक्.

आवाज एवढासाच. एक पांढरी ठिणगी, आणि मीटर शून्यावर. खोलीत पापड भाजल्यासारखा वास आला. मी खडा काढून भिंगाखाली धरला, भिंगाला जोडलेल्या पडद्यावर चित्र आलं. खड्याच्या तोंडावर, अगदी मधोमध, एक काळा खड्डा. आणि त्याच्या भोवती पिवळे कण.

अण्णा हळदीत वाढलेला माणूस. ते म्हणाले, ‘ही तर हळद आहे.’

मी आर्जवकडं बघितलं. तो माझ्याकडं बघत नव्हता. तो ऋषिराज सरांकडं बघून म्हणाला, ‘परवा खंडेनवमी होती, सर. स्वप्नालीच्या आई गावाहून आल्यात. त्यांनी इथं हळदकुंकू लावून पूजा केली.’

बघा हं. यातला एक शब्द खोटा नाही. खंडेनवमी होती. आई आली होती. तिनं पूजा केली होती. सगळे शब्द खरे आणि गोष्ट मात्र साफ खोटी. माणसं नुसतं खोटं बोलतात ते परवडलं. खऱ्याच्या विटा लावून खोटी भिंत बांधणारा माणूस लय वाईट.

ऋषिराज सर हसले. समजून घेतल्यासारखं हसले, त्या हसण्यानं माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ‘होतं असं. गावाकडची माणसं, त्यांना काय कळणार यातलं. श्रद्धा असते. खडा तर चालला, मी आकडे बघितले. चूक तुमच्या कामात नाही, हे महत्त्वाचं. पुढच्या महिन्यात दुसरा दाखवा. फक्त घरच्या माणसांना लॅबमध्ये सोडू नका.’

आणि ते गेले. अण्णांनी टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाले, ‘पुढच्या महिन्यापर्यंत खोली राहू दे. पण पोरी, बनाबाईंना आता या बाजूला येऊ देऊ नकोस.’

शेडला भिंत कुठं असते? आईनं सगळं ऐकलं होतं. मी बाहेर आले तेव्हा ती गठुडं बांधत होती.

‘आये, खड्याला हात लावलास?’

ती गठुड्याची गाठ मारत होती, थांबली. ‘तुला काय वाटतंय?’

‘मला तुझ्या तोंडून ऐकायचंय.’

‘झाकनाला लावली. तुज्यासमोर. खड्याला हळद लावाया मी काय त्येचं लगीन लावतीया?’ तिचा आवाज चढला, आणि लगेच खाली आला. ‘जाऊ दे. मी जाते गं. पप्पूचा टेम्पो डाळिंबं घिऊन बाजारात आलाय, त्येच्यासंगं जाते.’ पप्पू म्हणजे माझा चुलतभाऊ.

‘कुठं जायचं नाही. बस खाली.’

मी आत गेले आणि भिंगाची ताकद वाढवली. आर्जव खुर्चीत बसून फोनशी चाळा करत होता. बोटानं हळद लावली तर ठिपका उमटतो, बोटाच्या रेघा उमटतात. इथं तसलं काही नव्हतं. इथं बारीक बारीक ओरखडे होते, सगळे गोल, एकाशेजारी एक. त्या ओरखड्यांत हळदीचे कण चेपून बसलेले. कुणीतरी हळद पुसली होती. गोल गोल फिरवून, दाबून. एका ओरखड्यात निळा धागा अडकला होता.

आर्जवला चष्मा आहे. तो दिवसातून कितीदा तरी खिशातून फडकं काढतो आणि चष्मा पुसतो. गोल गोल, दाबून. फडकं निळं आहे.

चष्म्याची काच कडक असते, हजारदा पुसली तरी तिला काही होत नाही. माझा खडा मऊ. त्याला धुळीचा एक कण दाबून फिरवला तरी चरा पडतो. हे पहिल्या वर्षीच्या पोरालाही सांगायला लागत नाही आणि हा इंजिनिअर! पण खडा डबीबाहेर आलाच कसा? हळदीत पडलाच कसा? मी विचारायला तोंड उघडलं, तेवढ्यात पद्मावती अक्का आत आल्या. त्यांनी माझ्या आईचा दंड धरून तिला सोबत आणलं होतं, दुसऱ्या हातात तिचं गठुडं. मागोमाग अण्णा.

‘सणासुदीचं उपाशी कुठं निघाल्यात या?’ अक्का म्हणाल्या. ‘आणि खड्याचं काय झालं म्हणे? परवा तर इतका देखणा दिसत होता झेंडूत.’

‘झेंडूत?’ मी म्हणाले. ‘अक्का, तुम्ही खडा कुठं बघितला?’

‘स्टेटसला की. आर्जवनं टाकला होता.’ त्यांनी फोन काढला. ‘मी फोटो ठेवून घेतलाय, बहिणीला पाठवायला.’

तो फोटो मी बघितला. पूजेचं ताट. झेंडूच्या पाकळ्या, हळदीची वाटी, कुंकवाची वाटी. आणि पाकळ्यांच्या ढिगावर माझा खडा. उघडा. खाली लिहिलेलं, ‘आमचं हत्यार! खंडेनवमीच्या शुभेच्छा!’

अख्ख्या सांगलीनं तो बघितला होता. मला तेवढा दिसला नव्हता, कारण त्यानं मला वगळून टाकला होता. म्हणजे त्याला ठाऊक होतं. मी बघितलं तर शिरवळहून ओरडत येईन, हे ठाऊक होतं. खडा असा ठेवायचा नसतो, हे ठाऊक होतं. नजर लावशील म्हणणारा हा, आणि स्वतः लोकांच्या नजरेला तो ताटात मांडून दाखवणारा हाच.

‘आर्जव,’ मी म्हणाले, ‘बोल.’

तो उठला. चष्मा काढला, खिशात हात घातला, निळं फडकं बाहेर आलं आणि तसंच हातात राहिलं. ‘अगं, एका मिनिटाचं काम होतं. फोटो काढला आणि ठेवला परत. वाटी कलंडली थोडी. मी लगेच पुसलं. मला वाटलं, गेली हळद. मी काय मुद्दाम केलं?’

‘मुद्दाम नाही केलंस. मान्य. खडा गेला, मी दुसरा विरजीन. पण तपासला म्हणून सांगितलंस ते? आणि त्या माणसासमोर माझ्या आईचं नाव घेतलंस ते? तेही वाटी कलंडून झालं?’

‘नाव नाही घेतलं. पूजा केली एवढंच म्हटलं.’

माझ्या हाताशी पाना होता. मी तो उचलला नाही, हे माझ्या बापाचे संस्कार.

अण्णा मधे पडले. त्यांचा चेहरा उतरला होता, पण ते बापही होते. ‘झालं ते झालं, पोरी. आर्जवला मी बघतो. पण आता पुण्याला काही कळवू नकोस. तो माणूस म्हणाला ना, चूक तुमच्या कामात नाही? म्हणून तर तो परत येतोय. भागीदारानंच हलगर्जी केली म्हटल्यावर तो कशाला येईल? बनाबाईंचं त्यात काय जातंय? त्यांना पुण्यात कोण ओळखतं?’

‘व्हय गं,’ आई म्हणाली. माझी आई, खुळी, लेकीसाठी जीव टाकणारी. ‘त्येचं खरं हाय. मला कोन वळखतंय? म्हातारीनं हळद लावली म्हनायचं आन् मोकळं व्हायाचं. तुजी भट्टी ऱ्हाऊ दे.’

कुणी मला थोबाडीत मारली असती तर चाललं असतं. मी ओरडले, ‘आये, तू गप बस! विरजण कुणाचा शब्द आहे? तुझा! ह्या खोलीत जे काही आहे त्याला नाव तू दिलंस, आणि ह्यांची चूक झाली की अडाणीपण तुझं? काम जमलं की ह्यांचं डोकं, काम फसलं की आमचा गाव? हा कुठला न्याय रं?’

आर्जवनं हात जोडले. खरंच जोडले. ‘स्वप्ना, पाया पडतो तुझ्या. एवढं एक काम होऊ दे. खडा त्यांच्या यंत्रात गेला की मी स्वतः फोन करून सगळं सांगतो. मावशींची माफी मागतो. आत्ता नको. प्लीज.’ त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मला त्याची दया आली नाही. येतच नव्हती.

गठुडं अजून पद्मावती अक्कांच्याच हातात होतं. त्या लेकाकडं बघून म्हणाल्या, ‘नाव ठेवताना आम्ही पोथीतला अर्थ घेतला होता. तू बाजारातला घेतलास.’

मी ऋषिराज सरांना फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि फोन आर्जवच्या तोंडासमोर धरला. अजूनही त्याला संधी होती. चार वाक्यं सरळ बोलला असता तर मी त्याच्याबरोबर पुन्हा काम केलं असतं. शप्पथ सांगते, केलं असतं.

‘हॅलो?’ तिकडून आवाज आला. ‘बोला, डॉक्टर. हॅलो?’

आर्जवनं जोडलेले हात तसेच ठेवून मान हलवली. नको, नको.

मग मी बोलले. ‘सर, खडा माझ्या आईनं खराब केला नाही. तिनं डबीच्या झाकणाला हळद लावली होती, तीही बाहेरून. खडा आमच्या भागीदारानं फोटोसाठी बाहेर काढला, हळदीत पडल्यावर चष्म्याच्या फडक्यानं पुसला, आणि न तपासता तपासला म्हणून सांगितला. सकाळी तुम्ही गावाकडच्या माणसांना काही कळत नाही म्हणालात. ते परत घ्या.’

तिकडून ते म्हणाले, ‘हे तुम्ही सांगितलं नसतं तरी चाललं असतं, डॉक्टर.’

‘मला चाललं नसतं.’

‘बरं. ते वाक्य मी परत घेतो. पण मग एक अडचण आहे. घरच्यांना बाहेर ठेवता येतं. भागीदाराला कसं ठेवणार? जो खडा न तपासता तपासला म्हणून सांगतो, त्याच्या हातचा लेसर मी माझ्या यंत्रात कसा घालू? आपण इथं थांबू या.’

फोन बंद झाला. त्यांचं काही चुकलं नाही. मीही तेच म्हणाले असते. मला राग याचा आहे, की खरं बोलायची किंमत माझ्या भट्टीनं मोजली आणि खोटं बोलणारा बापाच्या गोदामात आपल्या खुर्चीत बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा बाहेर आले, टोपी काढली आणि आईसमोर हात जोडून उभे राहिले. ‘बनाबाई, माझं चुकलं,’ म्हणाले. खोलीबद्दल ते बोलले नाहीत आणि मीही विचारलं नाही. त्या खोलीत मला आता श्वास घेता आला नसता. पप्पूला मी रात्री थांबवून घेतलं होतं. त्याच्या टेम्पोत भट्टी चढवली, नळ्या चढवल्या, हवा काढायचा पंप चढवला. सगळ्यांवर खंडेनवमीची हळद अजून तशीच होती. आर्जव दारात आला होता. ‘स्वप्ना, निदान जाताना राग ठेवून जाऊ नकोस,’ असं काहीतरी म्हणाला. मी म्हटलं, ‘राग माझा आहे, मी माझ्यासोबत नेते. तुझं तू बघ.’

आता भट्टी वस्तीवर आहे, मेंढरांच्या वाड्याशेजारच्या खोलीत. लाइटीचा भरवसा नाही, म्हणून पप्पूनं कुठूनतरी जनरेटर आणलाय आणि तो चालू झाला की मेंढरं बुजतात. खडे विरजतात पण. विरजतातच. काल एक काढला. कडेपासून कडेपर्यंत एकसारखा, मधाळ, त्या पहिल्यापेक्षा चांगला. तो डबीत घातला, झाकण घट्ट लावलं आणि आधी आईकडं गेले. ती उंबऱ्यात बसली होती.

‘आये, धर. बघ तरी.’

तिनं हात पुढं केले नाहीत. पदराखाली घेतले. ज्या बाईनं भट्टीला, पंपाला, मीटरला, दिसेल त्या यंत्राला हौसेनं हळद लावली होती, ती माझी आई झाकलेल्या डबीपासून मागं सरकली.

‘नगं बाई,’ ती म्हणाली. ‘माज्या हाताला हळद असंल.’

हात तिनं आत्ताच साबणानं धुतले होते. मी बघितलं होतं.